आधी जेवून घे, मग बोलू

सगळ्यात आधी सांग, जेवलीस का? नसशील तर हे बाजूला ठेव आणि दोन घास खाऊन ये. वरणभात कर, नाहीतर सकाळच्या पोळीवर तूप-गूळ घे, पण पोटात काहीतरी जाऊ दे. आश्रमातून बाहेर पडलेल्या बायका मी पुष्कळ पाहिल्यात गं. पहिले काही महिने त्यांना भूक लागलेली कळतच नाही. इतकी वर्षं घंटा वाजली की पंगतीला बसायचं. आता घंटा नाही, म्हणून तीन-तीन वाजेपर्यंत नुसत्या चहावर. मग डोकं गरगरलं की वाटतं, महाराजांचा कोप झाला. कोप नाही बाई, पित्त आहे ते.

जेवलीस? बस आता.

तू एका दमात केवढं विचारलंस! नोकरी कोण देईल, मुलाला काय सांगू, आई अजून तिथेच आहे तिच्याशी बोलू की नको, साड्यांचं काय करू, एवढी शिकलेली असून मी अशी मूर्ख कशी निघाले, आणि देव आहे की नाही. यातला शेवटचा प्रश्न राहू दे, त्याला घाई नाही. साड्यांचा लगेच सुटेल. बाकीचे हळूहळू घेऊ. मीही तसल्याच दारातून बाहेर आलेय. कुठला आश्रम, कोण महाराज ते सांगत बसत नाही. पाटी वेगळी असली तरी आतला कारभार बहुतेक ठिकाणी सारखाच, हे तुला एव्हाना कळलं असेल.

मूर्खपणाचं आधी घेऊ, कारण रात्री झोपू देत नाही ते तेच.

बघ, फसायला म्हणून कुणी जात नाही. आपण जातो ते चांगल्या माणसांत जातो, चांगल्या कामाला जातो. बाळंतपणानंतर माझ्या सासरी कुणी 'दमलीस का' म्हणून विचारलं नव्हतं. तिथे पहिल्याच गुरुवारी एका बाईंनी बाळ माझ्या हातातून घेतलं आणि म्हणाल्या, तू जरा टेक. खरं सांगू का, त्या बाईंनी मला त्या दिवशी दरोडा घालायला चल म्हटलं असतं तरी मी पर्स उचलून निघाले असते.

पुण्याचंच उदाहरण घे. १९७४ साली रजनीश मुंबईहून पुण्याला आले आणि कोरेगाव पार्कात आश्रम झाला. माझी आई सांगायची, भगव्या झग्यातली गोरी माणसं, गळ्यात एकशे आठ मण्यांची माळ, माळेच्या लॉकेटात दाढीवाला फोटो. ती रस्त्याने निघाली की पुणेकर थांबून बघायचे आणि 'येडी आहेत झालं' म्हणून पुढे जायचे. त्या झग्यांत होतं कोण? डॉक्टर, वकील, शिक्षक, मानसोपचार करणारे. दुसऱ्यांच्या मनातला गुंता सोडवायची पदवी घेतलेली माणसं, आणि तीच रांगेत! तेव्हा तुझी एम.एस्सी. मधे आणून स्वतःला झोडपू नकोस.

त्यातल्या एकीचं तुला जरा सविस्तर सांगते. जेन स्टॉर्क, ऑस्ट्रेलियाची. नवरा, दोन मुलं, नीटनेटका संसार. सुरुवात ध्यानापासून झाली, मग सगळं कुटुंब पुण्यात आलं आणि ती मा शांती भद्रा झाली. १९८१ साली रजनीश अमेरिकेत ओरेगनला गेले, तिथे चौसष्ट हजार एकर माळरान घेतलं आणि त्याचं रजनीशपुरम झालं. रस्ते, शेती, घरं, सगळं या संन्याशांनी स्वतःच्या हातांनी उभं केलं. तिथे कामाला काम म्हणायचं नाही, पूजा म्हणायचं. दिवसाला बारा-बारा तास पूजा आणि पगार नाही. ओळखीचं वाटतंय ना?

१९८५च्या जुलैतल्या मोठ्या उत्सवात या जेनने रजनीशांच्या डॉक्टरला विषाची सुई टोचली. का, तर रजनीशांची सेक्रेटरी मा आनंद शीला हिने आतल्या काही जणांना पटवलं होतं की हा डॉक्टर गुरूंच्या जिवावर उठलाय. जेनला वाटलं, आपण गुरूला वाचवतोय. डॉक्टर बचावला. तिला जवळपास तीन वर्षं अमेरिकेच्या तुरुंगात काढावी लागली. तरी मिटलं नाही. एका सरकारी वकिलाला मारायच्या कटात तिचं नाव होतं, ते प्रकरण मागे लागून राहिलं आणि सुटल्यावर ती राहत होती त्या जर्मनीबाहेर तिला पाऊल टाकता येईना. तिकडे ऑस्ट्रेलियात मुलाला मेंदूत गाठ झालेली. शेवटी २००५ साली ती स्वतः जाऊन अमेरिकेच्या कोर्टापुढे उभी राहिली. केलं ते कबूल केलं. न्यायाधीशांनी तिला पुन्हा आत धाडलं नाही. पुढे २००९ साली तिने पुस्तक लिहिलं. 'वाइल्ड वाइल्ड कंट्री' ही २०१८ची मालिका पाहिलीस ना, त्यात ती बोलते. शांतपणे, दुसऱ्या कुणावर ढकलून न देता. मला त्या सगळ्या मालिकेत तीच बाई आवडली.

तुझ्या हातात कुणी सुई दिली नाही. दिली असती तर तू काय केलं असतंस, हे तुला माहीत नाही आणि माझ्याबद्दल मलाही नाही. विश्वास टाकणं, नेमून दिलेलं काम मान मोडून करणं, दुसऱ्यासाठी पदर खोचणं, हे तुझे गुण आहेत गं. ते त्यांनी वापरून घेतले. वापरणाऱ्याची चूक तू आपल्या अंगावर ओढून घेऊ नकोस, आणि चिडून ते गुणही टाकून देऊ नकोस. उद्या तुलाच लागणार आहेत.

आणि जे खरंच तुझं आहे, तेवढं मात्र उचल. रजनीशपुरममधल्या काही जणांनी १९८४ साली द डॅल्स नावाच्या गावात दहा हॉटेलांच्या सॅलडमध्ये साल्मोनेलाचे जंतू कालवले होते. काउंटीची निवडणूक जिंकायची, म्हणून गावकरी आजारी पडून घरीच राहावेत हा हेतू. ७५१ माणसं आजारी पडली. त्या वेळी हजारो संन्यासी शेतात भाजी खुडत होते, त्यांना याचा पत्ताही नव्हता. त्यांनी त्या ७५१ जणांचं पाप आपल्या डोक्यावर घ्यायचं का? मला नाही तसं वाटत. तू पोळ्या लाटत होतीस तेव्हा वरच्या मजल्यावर कुणाच्या जमिनीचे कागद होत होते, ते तुझ्या माथी नाही. पण ज्या मैत्रिणीला तू स्वतः हाताला धरून नेलंस, तिला एकदा फोन कर. ती बोलेल, कदाचित शिव्या घालेल. ऐकून घे. स्पष्टीकरण देत बसू नकोस. मी तो फोन फार लांबवला, आणि केला तर ती म्हणाली, 'अगं मी तर तुझ्याआधी सोडलं, तुलाच सांगायला घाबरत होते.'

आता साड्या. १९८५च्या सप्टेंबरात शीला आणि तिची माणसं रजनीशपुरम सोडून गेली. त्यानंतर रजनीशांनी तिच्यावर नाही नाही ते आरोप केले आणि जाहीर करून टाकलं की आता रजनीश-धर्म वगैरे काही नाही, लाल कपडे घालायला नकोत, माळ नको. धर्माची पुस्तकं जाळली, त्यात शीलाचे झगेही गेले. विचार कर, वर्षानुवर्षं जिच्या कपाटात केशरी, लाल आणि मरून याखेरीज चौथा रंग नाही, ती बाई दुसऱ्या दिवशी सकाळी काय घालणार? लोकांना वाटतं, सुटका झाली, नाचायला हवं. नाही गं. नियम जाचक असला तरी सकाळी उठल्यावर तेवढा एक विचार वाचवतो. तो गेला की पहाटेच दमायला होतं.

तुझ्या त्या पांढऱ्या साड्या जाळायच्या नाहीत, वाटायच्याही नाहीत. उशांचे अभ्रे शिव. मी तेच केलं. कापड अस्सल होतं, होणारच, पैसे मीच भरले होते. आता त्याच्यावर डोकं ठेवून दुपारी घोरते.

बाहेर पडल्यावरच्या या दमण्याबद्दल मार्गारेट सिंगर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९७९ साली लिहून ठेवलंय. अशा पंथांतून बाहेर आलेल्या शेकडो माणसांशी त्या बोलल्या होत्या. त्यांना काय दिसलं? साध्या साध्या गोष्टी ठरवता न येणं. एकटेपणा. मधेच तंद्री लागून भलतीकडेच जाणं. सारखं कुणीतरी आपल्यावर नजर ठेवून आहे असं वाटणं. लोकांना समजावून सांगताना जीव मेटाकुटीला येणं. आणि एक अगदी नाजूक गोष्ट, आपण निवडलेले होतो, जगाचं भलं करणारे होतो, आता आपण साधे राहिलो, याचं दुःख. हे शेवटचं कुणी कबूल करत नाही. मी करते. बसच्या रांगेत उभी असताना मला चक्क राग यायचा, की या सगळ्यांसारखीच मी पण? सिंगरबाईंच्या अंदाजाने गाडी रुळावर यायला सहा ते अठरा महिने लागायचे. तुझा तर अजून पावसाळाही सरला नाही. घाई कसली करतेस?

ठरवता न येण्याचं मला विचार. आश्रमात भाजी ठरलेली, दिवस ठरलेला. बाहेर पडल्यावर पहिल्यांदा मंडईत गेले आणि मेथी घ्यावी की पालक, यावर अशी अडकले की भाजीवाली म्हणाली, 'ताई, बाजूला उभ्या राहून विचार करा, गिऱ्हाईक खोळंबलंय.' शेवटी मेथी, पालक, अंबाडी आणि चुका, सगळंच घेऊन आले. आठवडाभर घरात पालेभाजी. नवरा काही बोलला नाही, पण शेजारच्या सशावर त्याचं फार प्रेम बसलं.

तेव्हा रोज एक बारीक निर्णय स्वतः घ्यायचा. भाजी कुठली, पडदा कुठल्या रंगाचा, रविवारी केस धुवायचे की नाही. कुणाला विचारायचं नाही. मलाही नाही! मला माहितीये, तू आता प्रत्येक गोष्टीला 'ताई, तुझं काय मत' करणार. मी सांगेनही, मला सांगायला आवडतं. म्हणूनच विचारू नकोस. मोठे निर्णय मात्र पुढे ढकल. घर विकणं, नवऱ्याला सोडणं किंवा धरणं, गाव बदलणं. जीवाला धोका किंवा मारहाण असेल तर गोष्ट वेगळी, तिथे एक दिवसही थांबायचं नाही.

कागदपत्रं मात्र याच आठवड्यात. पेन घे. आधार कार्डावर पत्ता आश्रमाचा आहे का बघ, असेल तर बदल. बँकेत जा आणि नॉमिनी कोण लावलाय ते विचार. हसू नकोस, माझ्या एका खात्याला नॉमिनी म्हणून आश्रमातल्या खजिनदाराचं नाव निघालं होतं. विमा, पीपीएफ, मुदत ठेवी, सगळीकडे तपास. त्यांच्याकडे सह्या केलेले कोरे चेक असतील तर ते थांबवायला बँकेला लेखी कळव. तुझी मूळ प्रमाणपत्रं 'सांभाळायला' दिली असशील तर लेखी माग. देत नसतील तर बोर्डाकडून, विद्यापीठाकडून दुय्यम प्रत मिळते. घराचं म्हणशील, तर मृत्युपत्र केलं असेल तर बिनघोर राहा. जिवंत आहेस तोवर केव्हाही नवं करता येतं. पण बक्षीसपत्र नोंदवून दिलं असेल तर ते मनात आलं म्हणून परत फिरत नाही. त्याला वकील गाठ, आणि तो भक्तमंडळींतला नको. तुझ्या सासऱ्यांनी दिलं असेल तर ज्येष्ठ नागरिकांच्या २००७च्या कायद्यात काही वाट निघते का, तेही त्यालाच विचार.

नोकरीत मधल्या वर्षांचं काय सांगू, म्हणतेस. विनोद खन्नाने काय सांगितलं? ऐन भरातला सिनेमा टाकून तो रजनीशपुरमला गेला, तिथे माळीकाम केलं, आणि १९८७ साली 'इन्साफ' घेऊन परत आला. पुढे खासदार झाला, मंत्री झाला. आता तू काही विनोद खन्ना नाहीस, मान्य. पण पाचशे माणसांचा स्वयंपाक, त्याचा कोठा, त्याचे हिशेब, वीस बायकांच्या पाळ्या आणि त्यांची भांडणं, हे तू सांभाळलंयस. ते अर्जात लिही. 'धर्मादाय संस्थेच्या भोजनालयाचं व्यवस्थापन' असं लिही. खोटं आहे का त्यात काही? मुलाखतीत सोडलं का विचारलं तर 'घरच्या कारणाने' म्हण. प्रत्येकाला सगळी कहाणी ऐकवायचं कर्ज तुझ्यावर नाही.

नातेवाईकांना तर मुळीच नाही. त्यांच्यात दोन जाती. एक 'आम्ही तेव्हाच सांगत होतो' वाल्या, दुसरी 'तिथे आत नक्की चालतं काय गं' म्हणून खुर्ची पुढे ओढणाऱ्या. पहिलीला चहा दे आणि विषय बदल. दुसरीला चहाही देऊ नकोस. एक वाक्य ठरवून ठेव, 'होते काही वर्षं, आता नाहीये', आणि लगेच त्यांच्या सुनेचं विचार. रामबाण आहे.

मुलाशी मात्र असं एका वाक्यात उरकायचं नाही. टिम गेस्ट नावाच्या इंग्रज मुलाचं पुस्तक आहे, 'माय लाइफ इन ऑरेंज', २००४चं. त्याची आई रजनीशांकडे गेली तेव्हा तो अगदी लहान होता. त्याचं नाव योगेश ठेवलं, केशरी कपडे चढवले, आणि मग इंग्लंडमधलं कम्यून, पुणे, ओरेगन, जर्मनी असा तो वाढला. मुलं सगळ्यांची, असं तिथलं तत्त्व. ऐकायला छान वाटतं. मूल सगळ्यांचं झालं की रात्री ताप आल्यावर कुणाचं, हे मात्र ठरलेलं नसतं. त्या पुस्तकातला मुलगा तत्त्वज्ञानावर चिडलेला नाही बघ, त्याला आई हवी होती. २०२४ साली 'चिल्ड्रन ऑफ द कल्ट' नावाचा माहितीपट आला. त्यात रजनीशांच्या कम्यूनमध्ये वाढलेल्या मुली, आता पन्नाशीच्या आसपास आलेल्या, लहानपणी मोठ्यांनी केलेल्या लैंगिक अत्याचारांबद्दल बोलतात. एवढी वर्षं लागली बोलायला, आणि त्यातही आईवडिलांना सांगणं सगळ्यात अवघड.

म्हणून तुझ्या लेकाला तूच विचार. एकदम समोर बसवून नाही, तो जेवताना, किंवा स्कूटरवर मागे बसला असताना. मुलं पाठमोऱ्या आईशी जास्त बोलतात. 'तुला तिथे काय आवडायचं नाही?' एवढंच. तो म्हणेल, पहाटेची थंड अंघोळ. म्हणेल, तू माझ्याकडे बघायची नाहीस. हे दुसरं ऐकताना रडू येईल, पण तिथे 'अरे पण मी तुझ्याच भल्यासाठी' सुरू करू नकोस. 'हो रे, नाही बघायचे, चुकलंच' म्हण. आणि त्याहून वाईट काही सांगितलं तर त्याच्यावर विश्वास ठेव, उलटतपासणी नको. पोक्सोचा कायदा आहे, चाइल्डलाइनचा १०९८ आहे, आणि मी आहे. पोलीस स्टेशनला मी येईन तुझ्याबरोबर.

पोलिसांवरून आठवलं, तुझी ती भीती. 'सोडून गेलीस तर वर्षाच्या आत घरात मृत्यू होईल' असं म्हणाले ना? मलाही साधारण तसंच ऐकवलं होतं. सासूबाईंना त्या वर्षी नुसता सर्दीखोकला झाला तरी मी त्यांच्या श्वासावर कान लावून बसायचे. त्या अजून ठणठणीत आहेत, मेल्या भांडतातही तेवढ्याच. नरेंद्र दाभोलकरांनी ज्या कायद्यासाठी वर्षानुवर्षं खेटे घातले, तो जादूटोणाविरोधी कायदा २०१३ साली झाला. त्यांना २० ऑगस्टला पुण्यात गोळ्या घातल्यानंतर. आपल्यात अलौकिक शक्ती आहे म्हणून सांगून धमकावणं, लुबाडणं, बाईचा गैरफायदा घेणं, हे त्यात गुन्हे आहेत. सहा महिने ते सात वर्षं शिक्षा. पोलीस निरीक्षकच दक्षता अधिकारी असतो. वारी, कीर्तन, घरच्या पूजेला हा कायदा हात लावत नाही, तेव्हा 'धर्मावर घाला' म्हणून कुणी अंगावर आलं तर घाबरू नकोस. तक्रार करायचीच असं माझं म्हणणं नाही. ती करावी की नाही, केव्हा करावी, हे तुझं तू ठरव. फक्त आलेले फोन, मेसेज, पावत्या जपून ठेव. राग आला म्हणून पुसून टाकू नकोस.

आणि उदबत्तीच्या वासाने, त्या आरतीच्या चालीने छातीत धडधडायला लागलं, किंवा उठून परत जावंसं वाटलं, तर तो महाराजांचा बोलावा नव्हे. शरीराला सवय होती, ती जागी होते. खिडकी उघड, तोंड धू, कुणाला तरी फोन लाव. रात्री-अपरात्री कुणी नसलं तर टेलिमानसचा १४४१६ आहे, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. मानसोपचारतज्ज्ञाकडे जायची लाज नको. ह्यू मिल्न म्हणून रजनीशांचा अंगरक्षक होता, चांगला धडधाकट स्कॉटिश गडी. १९८२ साली बाहेर पडल्यावर तो काही आठवडे मनोरुग्णालयात राहिला. मग आपण कोण?

या मिल्नने १९८६ साली पुस्तक लिहून सगळं कडवट बाहेर काढलं. आणि रजनीशांचे वकील होते, स्वामी निरेन, ते 'वाइल्ड वाइल्ड कंट्री'त इतक्या वर्षांनंतरही गुरूच्या आठवणीने डोळे पुसताना दिसतात. माणूस एक, आश्रम एक. तुला कधी मिल्नसारखं वाटेल, कधी निरेनसारखं. एकाच दुपारी दोन्ही वाटेल. भजनात खरंच डोळे भरून यायचे, ते खोटं नव्हतं. मैत्रिणी खोट्या नव्हत्या. आणि हिशेबाची वही खोटी होती, हेही खरं. यातलं एक निवडून दुसरं पुसायचा आग्रह जो धरेल, मग तो महाराजांचा माणूस असो की तुझा पुरोगामी दीर, त्याच्यापासून चार हात लांब राहा. तुझा निकाल तुझ्याआधी लावायचा अधिकार कुणाला नाही.

एक धोका मात्र आधीच सांगून ठेवते. १९९० साली रजनीश गेले, आणि त्यांचे कितीतरी शिष्य थेट लखनौला पूंजाजी नावाच्या दुसऱ्या गुरूंच्या दारात जाऊन बसले. रिकामी जागा भरायची घाई असते ना! तुलाही महिनाभरात कुणीतरी 'अगदी वेगळे आहेत हे, पैसेसुद्धा घेत नाहीत' म्हणून घेऊन जायला येईल. बाबा नसेल तर आहाराचा गुरू असेल, गुंतवणुकीचा असेल, बायकांच्या सक्षमीकरणाची तीन दिवसांची शिबिरवाली असेल. जायचं तर जा, पण दोन गोष्टी बघ. तिथे प्रश्न विचारला तर लोक हसून उत्तर देतात की एकमेकांकडे बघतात? आणि मधेच उठून घरी जाता येतं का? चपला कुठे ठेवल्यात ते लक्षात ठेवून बसायचं.

आणि तुझा तो देवाचा प्रश्न. मला विचारशील तर मी आता फक्त संध्याकाळी दिवा लावते. कुणासाठी लावते ते ठाऊक नाही, लावल्यावर बरं वाटतं. तू नाही लावलास तरी काही बिघडत नाही. देवघर रिकामं ठेवायचं असेल तर ठेव, त्यात लोणच्याच्या बरण्या ठेवल्यास तरी मी काही म्हणणार नाही. वर्षभराने बघू.

राहिली आई. ती आत आहे, तू बाहेर, आणि तिला सांगितलंय की लेकीवर वाईट छाया पडलीय. तिला माहितीपटाच्या लिंक पाठवू नकोस. मी पाठवल्या होत्या माझ्या मोठ्या बहिणीला, एकामागून एक. तिने मला ब्लॉकच केलं. वाद घातलास की त्यांनी तिला जे सांगून ठेवलंय तेच तू खरं करून दाखवतेस. दर रविवारी ठरलेल्या वेळी फोन कर. महाराजांचा विषय तू काढायचा नाही, तिने काढला तर 'हं' म्हणायचं आणि विचारायचं, आई, तुझ्या कैरीच्या लोणच्यात मेथी भाजून घालतेस की तळून? गुडघ्याचं औषध चालू आहे का? तिथे डॉक्टरकडे नेतात का? नेत नसतील तर तिथे भांडायचं, सगळी ताकद लावून भांडायचं. बाकी सगळीकडे गप्प. तिला एवढंच कळत राहायला हवं की बाहेर एक दार आहे, आणि तिथे कुणी 'आम्ही सांगत होतो' म्हणणार नाही.

दिवाळीला तुझ्याकडे यायचं म्हणाली तर येऊ दे. पिशवीत महाराजांचा फोटो आणेल, तिच्या खोलीत लावू दे. बाहेरच्या खोलीत लावते म्हणाली तर नाही म्हण, हसून म्हण, पण नाहीच म्हण. घर तुझं आहे.